खांद्याइतकी भिंत

आपल्या मराठीत ‘हातपाय गाळणे’ असा एक वाक्प्रचार आहे. शाळेत असताना आपण सर्वांनीच त्याचा वाक्यात उपयोग करून गुण मिळवलेले आहेत. त्याच जातकुळीचे आणखीही काही सांगता येतील. कंबर खचणे, अवसान गळणे, पायांखालची वाळू सरकणे. हे प्रयोग जरा निरखून पाहिले तर एक गंमत लक्षात येते. माणूस प्रयत्न सोडून देतो तेव्हा नेमके काय होते, हे सांगताना आपल्या भाषेने हात, पाय आणि कंबर यांची नावे घेतली. जणू देहातूनच काहीतरी गळून जाते आणि माणूस रिकामा होऊन खाली बसतो.

परंतु असा खाली बसलेला जिताजागता माणूस समोर दिसला की मात्र आपली भाषा एकदम बदलते. मग तो आळशी असतो, ऐतखाऊ असतो, नेभळट असतो, फार तर कपाळकरंटा असतो. वाक्प्रचारात गोष्ट देहाची, आणि निवाडा मात्र स्वभावाचा! या दोहोंमधले अंतर मला गेली दोन-तीन वर्षे सतत टोचत आले आहे. मानसशास्त्र हा माझा विषय आहे आणि ट्रॉम्बे हे माझे घर. या लेखात जे लिहितो आहे, त्यातले अर्धे मी वर्गात शिकलो आणि अर्धे आमच्या दाराशी.

दाराशी म्हणजे अगदी अक्षरशः दाराशी. आमचे घर चीता कॅम्पमधल्या एका गल्लीत आहे. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरी फोडणी पडली की आमच्याकडे खोकला येतो. या दारात एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माझे काका जवळजवळ दीड वर्ष बसून होते. त्याआधी सतरा वर्षे ते एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून फिटरच्या हाताखाली काम करीत. तिथली पद्धत अशी की महिन्याच्या सुरुवातीला गेटवर यादी लागे. यादीत नाव असले तर काम, नसले तर घरी. नाव का लागले आणि का लागले नाही, याचा काकांच्या कामाशी काही संबंध असावा असे कधी कोणाला आढळले नाही. ज्या महिन्यात त्यांनी एकही खाडा केला नाही त्याच्या पुढच्या महिन्यात नाव गळाले, आणि ज्या महिन्यात तापाने चार दिवस अंथरुणात होते त्यानंतर मात्र लागले. अशी सतरा वर्षे गेल्यावर एका महिन्यात यादीच लागली नाही.

त्यानंतरचे काका मी पाहिले. सुरुवातीला ते चार ठिकाणी जाऊन आले. नंतर दोन ठिकाणी. नंतर खुर्ची. ओळखीच्या एका गृहस्थांनी चेंबूरला काम असल्याचा निरोप पाठवला, तो काकांनी ऐकला, मान हलवली आणि बसून राहिले. चेंबूर काही सातासमुद्रापलीकडे नाही. बस दाराशी मिळते. गल्लीतल्या लोकांनी त्यांच्यावर काय शिक्के मारले असतील ते वर सांगितलेच आहे. घरातही वेगळे काही बोलले जात नव्हते.

याच सुमारास वर्गात आम्हांला मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचा १९६७ सालचा प्रयोग शिकवला गेला. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात हे दोघे तेव्हा संशोधक विद्यार्थी होते. प्रयोग कुत्र्यांवर होता आणि तो ऐकायला सुखद नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कुत्र्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटातल्या कुत्र्याला झोळीसारख्या पट्ट्यांत अडकवून विजेचे झटके देत. मात्र डोक्याजवळ एक फळी होती, ती डोक्याने दाबली की झटका थांबे. कुत्रा हे लवकरच शिके. दुसऱ्या गटातल्या कुत्र्यापुढेही तशीच फळी होती, पण ती दाबून काही होत नसे. त्याला झटका बसे तो पहिल्याइतकाच आणि थांबे तोही पहिल्याच्या हिशेबाने. तिसऱ्या गटाला झटके दिलेच नाहीत. या मांडणीतली खुबी लक्षात घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या अंगाला झालेला त्रास मोजमापाने सारखाच होता. फरक एवढाच की एकाच्या डोक्याने तो थांबत होता, दुसऱ्याच्या थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी या सर्व कुत्र्यांना एकेक करून दोन कप्प्यांच्या पेटीत सोडले. दोन कप्प्यांच्या मध्ये कुत्र्याच्या खांद्याइतकी एक भिंत होती. दिवे मंद झाले की दहा सेकंदांनी पायाखाली झटका सुरू होई आणि भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेले की सुटका. पहिल्या आणि तिसऱ्या गटातली कुत्री धडपडत का होईना, उडी मारायला शिकली. दुसऱ्या गटातली बहुतेक कुत्री सुरुवातीला इकडेतिकडे धावली आणि मग खाली बसली. पडून राहिली, केविलवाणी कुंईकुंई करीत राहिली, आणि झटके सोसत राहिली. भिंत खांद्याइतकीच होती. पलीकडे काही नव्हते. कोणी बांधलेलेही नव्हते.

या अवस्थेला त्यांनी ‘शिकलेली असहायता’ असे नाव दिले. त्यांचे म्हणणे असे की दुसऱ्या गटातला कुत्रा पहिल्या दिवशी एक धडा शिकतो. मी काहीही केले तरी काही फरक पडत नाही, हा तो धडा. दुसऱ्या दिवशी परिस्थिती बदललेली असते, पण धडा पाठ झालेला असतो. पुढे त्यांच्या प्रयोगांतून आढळले की अशा कुत्र्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश कुत्री हातपाय गाळतात. उरलेली एक-तृतीयांश मात्र गाळत नाहीत. या एक-तृतीयांशाकडे आपण पुन्हा येऊ.

मी त्या संध्याकाळी घरी येऊन हा प्रयोग आजीला सांगितला. काका खुर्चीवरच होते. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितला, हेही कबूल करायला हरकत नाही. आजीने भाजी निवडता निवडता सगळे ऐकून घेतले. म्हणाली, “माणूस काय कुत्रा आहे का रे?” मी म्हटले, “नाही गं, पण मेंदूचं काम पुष्कळसं सारखं चालतं.” त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “बरं, असेल. पण त्या कुत्र्याला पट्ट्यात बांधलं कुणी, ते तू सांगितलंच नाहीस.”

मित्रहो, आजी शाळेत गेलेली नाही. पण या विषयावर पुढे पन्नास वर्षे जे वाद झाले, त्यांतले दोन मुख्य वाद तिने भाजीच्या जुडीएवढ्या वेळात घातले. एक देहाचा आणि एक दोरीचा. दोन्ही क्रमाने घेतो.

देहाचा वाद असा. सेलिगमन आणि मायर म्हणतात, कुत्रा ‘शिकला’. पण जे वाईट शिकले गेले ते काही दिवसांत आपोआप विसरले कसे जाते? कारण एकाच दिवशीचे झटके असतील तर दोन दिवसांनंतर कुत्र्यांची ही अवस्था बरीचशी निवळून जात असे. जे वारंवार भोगावे लागे तेच टिके. जे वेसनामक शास्त्रज्ञांनी यावरून निराळे मत मांडले. त्यांनी उंदरांवर तसेच तीन गटांचे प्रयोग केले. शेपटीला झटका, आणि एका उंदरापुढे चाक, जे फिरवले की झटका थांबे. ज्याच्या हाती चाक नव्हते त्याच्या जठरात जास्त व्रण पडले. झटका येण्याआधी इशाऱ्याचा आवाज दिला तर व्रण कमी पडले. म्हणजे संकट टळले नाही तरी ते केव्हा येणार एवढे कळले, तरी पोटाला दिलासा मिळतो. गेटवरच्या यादीची तारीख ठाऊक असे, पण यादीत काय असेल ते कधीच ठाऊक नसे. काकांचे पोट गेली कित्येक वर्षे बिघडलेले आहे. एका माणसावरून सिद्धान्त काढू नये हे मला कळते, पण वाचताना ती ओळ माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

वेस यांचा मुख्य शोध मेंदूच्या रसायनांबद्दल होता. मेंदूच्या देठात एक अगदी चिमुकला निळसर ठिपका आहे. त्याचे लॅटिन नावही ‘निळी जागा’ अशा अर्थाचेच आहे. तेथून नॉरॲड्रेनलिन हे द्रव्य मेंदूभर पसरते आणि सावधपणा व हालचाल यांना चेतवते. आवरता न येणाऱ्या त्रासात हे द्रव्य तयार होण्यापेक्षा वेगाने खर्च होते आणि साठा उतरतो. चाक ज्याच्या हाती होते त्या उंदराचा साठा तसा उतरला नाही. वेस यांनी उंदरांना नुसते अत्यंत थंड पाण्यात पोहायला लावले, तरीही नंतर ते तसेच सुस्त झाले. तेव्हा हा धडा नव्हे, हा खर्च आहे, असे त्यांचे म्हणणे. ‘अवसान गळणे’ या शब्दांचा याहून नेमका शास्त्रीय अर्थ मला तरी दुसरा सापडलेला नाही.

मेंदूतले रस आटले की जीव हातपाय गाळतो, या कल्पनेला आपल्या मुंबईचाही हातभार लागलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. ही आपल्या वैद्यांची जुनी मुळी रक्तदाब उतरवते, हे त्यांनी रुग्णांवर तपासून दाखवले आणि सर्पगंधा जगभर गेली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतले मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले. पण औषधाचा वापर वाढला तसे एक विचित्र दृश्य डॉक्टरांना दिसू लागले. रक्तदाबाचे काही रुग्ण औषधाने उदास झाले. प्रयोगशाळेत रेसरपीन टोचलेले प्राणी नुसते पडून राहू लागले. १९५५ साली बर्नार्ड ब्रॉडी यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने दाखवले की रेसरपीन मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करते. नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन यांचीही तीच गत होते, हे लवकरच कळले. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी असे निपचित पडलेले प्राणी एका द्रव्याच्या टोचणीने काही मिनिटांत पुन्हा हालते केले. ते द्रव्य मेंदूत जाऊन डोपामिन बनते. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या प्राण्याला आळशी म्हणणारा कोणी भेटेल का? त्याला कोणी उपदेश करील का, की बाबा रे, प्रयत्नांती परमेश्वर?

तरीही आपण येथे थांबलो तर गफलत होईल. कारण गोष्ट एवढीच असती तर एक गोळी दिली की संपली असती. मायर यांनी पुढे अनेक वर्षे आपले काम चालू ठेवले आणि मेंदूच्या देठातल्या दुसऱ्या एका केंद्राकडे लक्ष वळवले. त्याचे नाव पृष्ठीय राफे. मेंदूला लागणाऱ्या सेरोटोनिनचा मोठा भाग येथून निघतो. आवरता न येणाऱ्या झटक्यांत हे केंद्र जोरात चेतते आणि ठराविक ठिकाणी सेरोटोनिन प्रमाणाबाहेर सोडते. त्यामुळे भीती वाढते आणि पळण्याची वा झुंजण्याची हालचाल दबते. म्हणजे एकीकडे एक रस आटतो आणि दुसरीकडे दुसरा उतू जातो. ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झाले म्हणजे उदासी’ हे जे सरसकट वाक्य आपण ऐकतो, ते किती अपुरे आहे हे यावरून दिसावे. प्रश्न रसाच्या मापाचा कमी आणि तो कुठे, केव्हा व कोणाच्या हुकमाने सुटतो याचा जास्त आहे.

आणि हुकूम कोणाचा? येथे खरी कलाटणी आहे. मेंदूचा जो भाग कपाळामागे असतो, विचार आणि निवड करण्याचे काम ज्याच्याकडे आहे, तो या राफेला लगाम घालू शकतो. २००५ साली मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की चाक हाती असलेल्या उंदराचा हा कपाळामागचा भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तर तो उंदीर चाक फिरवून झटका थांबवत असतानाही पुढे असहाय उंदरासारखाच वागतो. उलट, चाक हाती नसलेल्या उंदराचा हाच भाग चेतवला तर तो हातपाय गाळत नाही. म्हणजे नुसते संकट थांबणे पुरेसे नाही. ‘हे माझ्या करण्याने थांबले’ अशी नोंद कपाळामागे व्हावी लागते आणि त्या नोंदीने खालचा कल्लोळ शांत होतो.

यावरून २०१६ साली सेलिगमन आणि मायर या दोघांनीच आपल्या पन्नास वर्षांच्या कामाचा आढावा घेऊन एक लेख लिहिला आणि आपला मूळ सिद्धान्त उलटा फिरवला. असहायता शिकली जात नाही, असे त्यांनी म्हटले. दीर्घ आणि न आवरणाऱ्या त्रासापुढे गोठून जाणे ही सस्तन प्राण्याची मूळचीच प्रतिक्रिया आहे. ती शिकवावी लागत नाही. शिकावी लागते ती उलट गोष्ट, म्हणजे माझ्या हाताने काही होते ही जाणीव. पन्नास वर्षे ज्या नावाने ख्याती मिळाली ते नाव चुकीचे होते, असे छापून सांगण्याचा प्रामाणिकपणा या विद्वानांनी दाखवला याचे मला फार कौतुक वाटते.

आता त्या एक-तृतीयांश कुत्र्यांकडे वळू. ती का खचली नाहीत? एक उत्तर प्रयोगांतूनच आले आहे. ज्या कुत्र्यांना आधी आवरता येणारे झटके अनुभवायला मिळाले होते, ती नंतर न आवरणाऱ्या झटक्यांनीही खचली नाहीत. उंदरांतही तेच आढळले. पूर्वी केव्हातरी चाक फिरवून यश मिळालेले असले की ती नोंद लस टोचल्यासारखी पुढे कामी येते.

हे वाचले आणि मला आजी निराळी दिसू लागली. आजी मूळची जनता कॉलनीतली. ट्रॉम्बेलाच अणुशक्तीनगराच्या परिसरात ही मोठी वस्ती होती. १९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणीच्या काळात, ती हटवण्यात आली आणि हजारो माणसे खाडीकडच्या दलदलीच्या जमिनीवर आणून सोडण्यात आली. तोच आजचा चीता कॅम्प. त्याआधी त्या वस्तीने वर्षानुवर्षे न्यायालयात आणि दिल्लीपर्यंत धाव घेतली होती. ते सारे करूनही घरे गेलीच. याहून मोठा न आवरणारा झटका कोणता? आजी सांगते की पहिल्या पावसात चूल पेटवायला कोरडी जागा नव्हती. पण ती हेही सांगते की आठव्या दिवसापासून बायकांनी घमेल्याने भराव आणून टाकायला सुरुवात केली.

हे बळ कुठून आले? जनता कॉलनीत जोकिन अर्पुथम हे तरुण सुतारकाम करणारे कार्यकर्ते होते. मूळचे कोलारच्या सोन्याच्या खाणींकडचे. त्यांनी त्या वस्तीत मुलांना जमवून शिकवायला सुरुवात केली. पालिका कचरा उचलत नाही म्हणून त्यांनी मुलांच्या हाती थोडाथोडा कचरा दिला, वरात काढली आणि तो पालिकेच्या कार्यालयासमोर नेऊन टाकला. ही हकीगत त्यांनी स्वतःच पुढे लिहिलेली आहे. पुढे त्यांनी झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ उभारला, २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. मला त्या पुरस्कारापेक्षा कचऱ्याची वरात मोठी वाटते. कारण तेथे शेकडो पोरांनी आणि त्यांच्या आयांनी आपल्या हाताने काहीतरी केले आणि पलीकडे कोणीतरी दचकले. फळी दाबली आणि फरक पडला. ज्यांच्या कपाळामागे ही नोंद होती, ती माणसे दलदलीतही घमेली शोधत निघाली. हे माझे अनुमान आहे. प्रयोगशाळेचा त्यावर शिक्का नाही. पण आजीला जवळून पाहणाऱ्याला ते पटावे.

आता दोरीचा वाद. कुत्र्याला बांधले कोणी? आमच्याच बाजूला माहूल आहे. तेलशुद्धीचे कारखाने आणि रसायनांच्या टाक्या यांच्या कुशीतले गाव. तेथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये म्हटले. तरी २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडून ती कुटुंबे माहूलच्या इमारतींत पाठवण्यात आली. ज्याला जागा बदलता येत नाही आणि श्वास घेणे थांबवता येत नाही, त्याला ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगणे म्हणजे दुसऱ्या गटातल्या कुत्र्याला फळी जोराने दाबायला सांगणे. फळी जोडलेलीच नव्हती हो! त्या कुटुंबांनी आंदोलन केले, न्यायालयात गेली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नव्याने कोणाला तेथे पाठवू नये आणि तेथे राहू न इच्छिणाऱ्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे असा आदेश दिला. सगळे प्रश्न त्याने सुटले असे नाही. पण एक तार जोडली गेली.

मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्याने हा भेद विसरू नये असे मला वाटते. काही माणसांपुढची भिंत खरोखर खांद्याइतकी असते आणि त्यांना फक्त हाताला धरून एकदा पलीकडे न्यावे लागते. काहींपुढची भिंत आकाशाला भिडलेली असते, तेथे आधी भिंत पाडावी लागते. पहिल्याला दुसरे सांगितले तर तो बसून राहतो, दुसऱ्याला पहिले सांगितले तर तो आपटून रक्तबंबाळ होतो.

खचलेल्या कुत्र्यांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. पलीकडच्या कप्प्यात मांस ठेवून पाहिले, हाका मारून पाहिल्या. उपयोग झाला नाही. शेवटी गळ्याला पट्टा बांधून त्यांना अक्षरशः ओढत भिंतीपलीकडे नेले. एकदा नाही, दहादा नाही. कोणाला वीस-पंचवीस वेळा ओढावे लागले, कोणाला त्याहून कितीतरी अधिक. हळूहळू पट्ट्याला ताण कमी लागू लागला आणि एका क्षणी कुत्रा आपणहून उडी मारून गेला. सेलिगमन, मायर आणि गीर यांनी १९६८ मध्ये हे प्रसिद्ध केले.

आजीने १९६८ सालचा तो लेख वाचलेला नाही. तिने काकांना उपदेश केला नाही आणि नोकरीचे नावही काढले नाही. शेजारचा मिक्सर बिघडला होता, तो तिने आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. दोन दिवस तो तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी तिने स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला आणि जवळ बसून राहिली. मिक्सर सुरू झाला. मग एक पंखा आला, मग इस्त्री. आल्यागेल्याला ती हाताला धरून काकांपुढे उभी करी, कधी काकांना हाताला धरून लोकांच्या घरी नेई. ते कुरकुरत, आणि जात. पंख्याच्या बाबतीत एक बरे असते. दुरुस्त झाला की बटण दाबताच फिरतो. नाव यादीत का नाही असा प्रश्न तो विचारू देत नाही. आज काका गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाच्या कडेला बसून दुरुस्तीचे काम करतात. कमाई बेताची आहे. अर्ज भरायचा म्हटला की अजूनही त्यांचा हात थांबतो आणि ते कागद माझ्याकडे सरकवतात. सतरा वर्षांचा हिशेब काही मिक्सरांनी फिटत नाही. पण खुर्ची आता आत आहे.

आता थोडे तुमच्या-आमच्याविषयी. १९७४ साली डोनाल्ड हिरोतो यांनी हाच प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केला. झटक्याऐवजी कर्कश आवाज. ज्यांना बटण दाबून तो थांबवता येत नव्हता, ते पुढच्या वेळी सहज थांबवता येणारा आवाजही मुकाट्याने ऐकत बसले. त्याच्याही आधी, १९७२ साली डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी आपल्या प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी काही जणांना सांगितले की आवाज असह्य झाला तर हे बटण दाबा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. तरीही नंतरच्या कामात, कठीण कोडी सोडवताना, हेच लोक अधिक काळ टिकले. बटण न दाबता नुसते असण्यानेही माणूस सावरतो, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. मात्र ते खोटे आहे हे एकदा कळले की त्याची किंमत शून्य.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांच्या वतीने प्राध्यापकवर्गाकडे, आणि पुढे शिक्षक, अधिकारी वा मालक होणाऱ्या माझ्या मित्रांकडे एकच मागणे आहे. प्रत्येक संस्थेच्या भिंतीवर एक तक्रारपेटी असते. तिला कुलूप असते आणि त्या कुलपाला बहुधा गंज असतो. ती पेटी दर सोमवारी उघडावी, आणि आत आलेल्या प्रत्येक चिठ्ठीचे उत्तर, मग ते ‘नाही’ असले तरी कारणासह, शेजारच्या फलकावर लावावे. खर्च एका किल्लीचा आणि चार टाचण्यांचा. त्यातून कोणाची फी कमी होणार नाही की कोणाचे गुण वाढणार नाहीत. पण चिठ्ठी टाकणाऱ्याच्या कपाळामागे एक नोंद होईल, आणि ती त्याला पुढे कोणत्या दलदलीत उपयोगी पडेल हे त्याला किंवा आपल्याला आज सांगता येणार नाही.